उकडीची पारी : चिनी आणि आपली

गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशीची सायंकाळ होती. नेरूळ स्थानकाबाहेर मी नातवाचा हात धरून उभा होतो. दूर्वा, केळीची पाने आणि हळदीची पाने विकणाऱ्या बायांची एक रांग तेथे बसली होती. आणि तिला लागूनच एका गाडीवर ॲल्युमिनियमच्या भांड्यांची उतरंड वाफ सोडीत होती. त्या भांड्यांत मोमो होते. नातवाने एकदा हळदीच्या पानांकडे पाहिले, एकदा त्या उतरंडीकडे पाहिले, आणि मला विचारले, "आजोबा, हे चिनी मोदकच ना? मग मोदक खा आणि मोमो खाऊ नको, असे आई का म्हणते? दोन्ही वाफेवरच शिजतात की!"

मी पस्तीस वर्षे मास्तरकी केली आहे. वर्गात उत्तर सुचले नाही, तर "उद्या सांगतो" असे म्हणण्याची मास्तरास मुभा असते. ती मी त्या वेळी घेतली. मी जुन्या अकरावीपर्यंत शिकलेला मनुष्य. वैद्य नव्हे की शास्त्रज्ञ नव्हे. तथापि त्या प्रश्नाचा पाठपुरावा करता करता मी चीन, तिबेट, जावा आणि कुन्नूर इतकी लांबची यात्रा करून पुन्हा आमच्याच घरच्या उखळापाशी येऊन पोहोचलो. ती यात्रा आज आपणांस सांगावयाची आहे.

प्रथम चीनकडे वळू. इसवी सनाच्या सातव्या शतकात ह्युएनत्संग नावाचा चिनी भिक्षू बौद्ध धर्मग्रंथांच्या शोधार्थ भारतात आला. इ. स. ६४१ च्या सुमारास तो महाराष्ट्रातही येऊन गेला. त्या वेळी येथे चालुक्य राजा दुसरा पुलकेशी राज्य करीत होता. येथील माणसे उपकार स्मरणारी आणि अपमानाचा सूड घेतल्यावाचून न राहणारी आहेत, असे त्याने लिहून ठेवले, हे आपण शाळेत शिकलो. परंतु याच प्रवाशाने आपल्या स्वयंपाकघराविषयीही एक बारीकशी नोंद केली आहे. भारतीयांपाशी शिजविण्याची भांडी आहेत, परंतु भात वाफेवर शिजविण्याचे पात्र त्यांना ठाऊक नाही, अशा अर्थाची ती नोंद होय.

ही गोष्ट त्याच्या डोळ्यांत का भरली असावी? कारण त्याच्या देशात वाफेचे पात्र फार प्राचीन होते. पूर्व चीनमधील हेमुडू येथील उत्खननात सुमारे सात हजार वर्षांपूर्वीची मातीची वाफपात्रे मिळाली आहेत. तळाला भोके असलेले एक मडके, खाली पाण्याचे दुसरे मडके, एवढीच त्याची रचना. पुढे गव्हाचे पीठ दळण्याची कला तेथे रुळली, तेव्हा त्याच पात्रात कणकेचे गोळे आणि सारण भरलेल्या पाऱ्या शिजू लागल्या. ह्युएनत्संग भारताकडे येताना तुर्फानच्या खोऱ्यातील गाओचांग येथे तेथील राजाचा पाहुणा म्हणून राहिला होता. त्याच गावच्या अस्ताना येथील दफनभूमीतून तांग राजवटीच्या काळातील, म्हणजे इ. स. ६१८ ते ९०७ या अवधीतील, सारण भरलेल्या अर्धचंद्राकृती पाऱ्या मिळाल्या. वाळवंटाच्या कोरड्या हवेने त्या वाळून जशाच्या तशा राहिल्या. आपल्या करंजीशेजारी ठेवल्या, तर बहीण म्हणून शोभतील.

या खाद्याच्या जन्माची चिनी लोक एक दंतकथा सांगतात. हान राजवटीच्या अखेरीस झांग झोंगजिंग नावाचा एक नामांकित वैद्य होऊन गेला. कडाक्याच्या थंडीत गरिबांचे कान गारठून फुटलेले त्याने पाहिले. तेव्हा मांस आणि औषधी एकत्र शिजवून, बारीक करून, कणकेच्या कानाच्या आकाराच्या पारीत भरून त्याने ती त्या लोकांस खाऊ घातली. हा वैद्य खरा आणि त्याचे ग्रंथही खरे. कानाची गोष्ट मात्र दंतकथाच समजावी. तरी तिचे मर्म ध्यानात ठेवण्याजोगे आहे. तिच्यात पारी ही नुसती डबी आहे. गुण आहे तो आतल्या जिन्नसाचा.

चीनमधून ही पारी तिबेटात गेली आणि तेथे मोमो झाली. थंड पठारावरच्या माणसाला एका मोमोत कणीक, मांस आणि चरबी असे अवघे जेवण मिळे. १९५९ साली दलाई लामा भारतात आले, त्यांच्यामागून हजारो तिबेटी निर्वासित आले, आणि त्यांच्याबरोबर हे खाद्यही आले. आपल्या महाराष्ट्रातही त्यांची एक वसाहत आहे. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगडाजवळ नॉर्गेलिंग या नावाने ती १९७२ साली वसली. निर्वासिताने पोटासाठी जे रांधले, ते पुढे शहरोशहरीच्या गाड्यांवर आले. तेव्हा मोमोस परका म्हणून हिणविण्याचे कारण नाही. तो दुःख सोसून येथवर आलेला पाहुणा आहे.

आता आपल्या घराकडे येऊ. ह्युएनत्संगाच्या नोंदीवरून आपल्याकडे वाफेवर काहीच शिजत नसे, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. त्याला दिसले नाही ते पात्र. आमच्या घरी तरी मोदकपात्र कोठे होते? रुंद तोंडाचे पातेले, त्यात अर्धे पाणी, तोंडाला घट्ट बांधलेले धुवट फडके, त्यावर हळदीची पाने आणि त्या पानांवर मोदक, वरून झाकण. मडके उत्खननात सापडते. फडके आणि पान सापडत नाही. लेखी पुरावा पाहावयाचा, तर कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या, इ. स. ११२९ च्या सुमाराच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात तांदळाच्या पिठाच्या, आत गोड सारण आणि वेलदोडा, कापूर घातलेल्या मोदकांचे वर्णन आहे. ते गारांसारखे दिसतात म्हणून त्यांना 'वर्षोपलगोलक' असे नाव दिले आहे. म्हणजे निदान नऊशे वर्षांपूर्वी आपल्याकडे पांढराशुभ्र मोदक राजाच्या ताटात होता. हा पांढरा रंग आपण ध्यानात ठेवू. पुढे त्याच्याशी आपणांस काम आहे.

चिनी पारी आणि आपली पारी यांत एक मूलभूत फरक आहे. गव्हाच्या कणकेत पाणी घालून तिंबले की चिकट ताण धरणारे एक प्रथिन तयार होते. म्हणून ती कच्चीच लाटता येते. तांदळाच्या पिठात ते प्रथिन नाही. थंड पाण्यात भिजविले तर ते फुटते. आमच्या बायकांनी यावर तोड काढली ती अशी, की पाणी आधणाचे करून त्यात पिठी घालावयाची, झाकण ठेवून एक वाफ आणावयाची, आणि ऊन असतानाच तेलापाण्याच्या हाताने मळावयाचे. उष्णतेने पिठातील कण फुगतात, चिकटतात आणि पारी वळण घेते. यालाच आपण उकड म्हणतो. चिनी पारी वाफेवर एकदा चढते, आपली दोनदा.

येथवर इतिहास झाला. आता नातवाच्या प्रश्नातले खरे मर्म : दोन्ही वाफेवर शिजतात, मग दोन्ही सारखेच हितकर का नव्हेत?

वाफेचे काही गुण निर्विवाद आहेत. तिला तेल लागत नाही, आणि एक ग्रॅम तेल म्हणजे नऊ कॅलरी. तिची उष्णता पाण्याच्या उकळीएवढीच असते, त्यामुळे पदार्थ करपत नाही. शिवाय पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे भाजी उकळून पाणी ओतून दिल्यास वाहून जातात. वाफेवर ती पुष्कळशी जागीच राहतात. परंतु श्रोतेहो, वाफ राखते. ती देत नाही. पारीत आणि सारणात जे मुळात नाही, ते वाफेने येणार नाही. आणि आपली पारी रिती कशी झाली, ही गोष्ट मला माझ्याच बालपणातून सांगावी लागेल.

आमचे गाव बेलापूर पट्टीतले, खाडीकाठचे. समुद्राचे पाणी अडविण्यासाठी मातीचे बांध, पावसाचे पाणी सोडण्यासाठी उघाडी, आणि आत खारवट जमिनीत तग धरणारा तांबडा भात. त्याला आम्ही 'राता' म्हणत असू. आजी तो उखळात मुसळाने सडी. दाण्यावर तांबूस पापुद्रा राही. तिचे मोदक साहजिकच तांबूस, पारी जरा जाड, कळ्या बेताच्या. मी पाचवीत असताना शाळेतले दोन मित्र गणपतीला घरी आले. त्यांपैकी एकाने मोदक हातात घेऊन म्हटले, "तुमचे मोदक मळके कसे?" मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्या सुमारास जवळच भात सडण्याची गिरणी निघाली होती. पुढच्या वर्षी मी हट्ट धरून गिरणीचे पांढरे तांदूळ आणविले. मोदक मोगऱ्याच्या कळीसारखे झाले. आजीने ते सर्वांस वाढले आणि मला एवढेच म्हणाली, "बाळा, पांढरेपणा तुझ्या ताटात आला, आणि कस म्हशीच्या घमेल्यात गेला." गिरणीतून आलेला कोंडा म्हशीला घातला होता, त्याला उद्देशून ते बोलणे होते. मी हसलो. ती निरक्षर होती आणि मी पाचवी शिकलेला होतो.

तिच्या त्या एका वाक्याचा शास्त्रीय अर्थ मला मास्तर झाल्यावर कळला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर बटाव्हिया येथे क्रिस्तियान एईकमन हा डच डॉक्टर बेरीबेरी या रोगाचा तपास करीत होता. या रोगात हातापायांतील शक्ती जाते आणि हृदय दुबळे होऊन माणूस दगावतो. एईकमनच्या कोंबड्यांस इस्पितळातला उरलेला पांढरा भात घातला जात असे. त्या पांगळ्या झाल्या. पुढे आचारी बदलला. सैनिकांचा भात कोंबड्यांना कशाला, असे म्हणून त्याने तो देणे बंद केले. त्यांना साधा, कोंड्यासह असलेला तांदूळ मिळू लागला आणि त्या बऱ्या झाल्या. त्या कोंड्यात काही जीवनावश्यक द्रव्य आहे, हे यातून हळूहळू उमगत गेले. १९२६ साली त्याच बटाव्हियात यान्सेन आणि डोनाथ यांनी ते कोंड्यातून वेगळे काढले. त्यालाच आज आपण ब-१ जीवनसत्त्व, अर्थात थायमिन, म्हणतो. एईकमन यांस १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जे एईकमनला कोंबड्यांनी शिकविले, ते माझ्या आजीला म्हशीने शिकविले होते.

आपल्या देशात याच रोगाच्या अभ्यासासाठी १९१८ साली रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी निलगिरीतील कुन्नूर येथे एका खोलीत काम सुरू केले. त्या एका खोलीतून वाढलेली संस्था १९५८ साली हैदराबादेस गेली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. मॅककॅरिसन यांनी हिंदुस्थानातील निरनिराळ्या लोकांचा आहार उंदरांच्या निरनिराळ्या गटांस घातला. १९३६ साली लंडनमधील व्याख्यानांत त्यांनी त्याचा निष्कर्ष सांगितला. शिखांच्या आहारावरील उंदरांचे सरासरी वजन २३५ ग्रॅम भरले, मराठ्यांच्या आहारावरील उंदरांचे २२५, आणि सडलेल्या तांदळावर भिस्त असलेल्या मद्रासी आहारावरील उंदरांचे १५५. याचा अर्थ कोणा प्रांताचे रक्त उणे, असा कोणी करू नये. उंदीर सारखेच होते. ताटे निराळी होती.

कुन्नूरहून १९३७ साली डॉ. आयक्रॉइड यांनी भारतीय अन्नाच्या पोषणमूल्यांची कोष्टके प्रसिद्ध केली. पुढे हैदराबादेहून त्यांच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या. त्यांतील चार आकडे मी वर्गात फळ्यावर लिहीत असे. शंभर ग्रॅम हातसडीच्या तांदळात थायमिन ०.२१ मिलिग्रॅम, गिरणीच्या पांढऱ्या तांदळात ०.०६. चक्कीच्या गव्हाच्या पिठात ०.४९, मैद्यात ०.१२. म्हणजे तांदूळ पांढरा करताना चारांतील जवळजवळ तीन हिस्से गेले, आणि गव्हाचा मैदा करतानाही तितकेच गेले. आपल्या मोदकावर आणि पाहुण्याच्या मोमोवर एकच आपत्ती कोसळली आहे.

याच कोष्टकात एक पाचवा आकडा आहे, आणि तो मला फार शिकवून गेला. उकडा तांदूळ, म्हणजे भात तुसासकट उकडून, वाळवून मग सडलेला तांदूळ, गिरणीचा असला तरी त्यात थायमिन ०.२१ मिलिग्रॅमच आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्याकडे हाच तांदूळ पेजेला घेतात. याचे कारण असे, की तुसासह उकडताना कोंड्यातील द्रव्य पाण्याबरोबर दाण्याच्या गाभ्यात शिरते. मग गिरणीने वरचा पापुद्रा काढला तरी ते आत राहते. उष्णता तीच, पाणीही तेच. फरक काय तो वेळेचा. अंगावरचे कवच शाबूत असताना दाणा उकडला, तर कस आत जातो. कवच काढून, धुऊन, दळून मग वाफ दिली, तर जे उरले असेल तेवढेच शिजते.

आता नातवासाठी केलेला हिशेब सांगतो. मध्यम आकाराच्या एका मोदकात २० ग्रॅम पिठी, १५ ग्रॅम ओले खोबरे आणि १० ग्रॅम गूळ धरला, तर सुमारे पावणेदोनशे कॅलरी आणि जेमतेम २ ग्रॅम प्रथिन होते. वरच्या तुपाचे निराळे. सहा भाजीच्या मोमोंत ६० ग्रॅम मैदा आणि ६० ग्रॅम कोबी धरला, तर सव्वादोनशे कॅलरी आणि सातआठ ग्रॅम प्रथिन, तेही बहुतेक मैद्याचेच. कोबीऐवजी तितकेच कोंबडीचे मांस असेल, तर प्रथिन अठरा ग्रॅमांच्या घरात जाते. तेच मोमो तळले आणि दहा ग्रॅम तेल प्याले, तर ९० कॅलरी वाढल्या. सोबतच्या पांढऱ्या मेयोनीजचा एक मोठा चमचा म्हणजे जवळजवळ आणखी शंभर. मग वाफेची पुण्याई कोठे राहिली?

हा हिशेब मोदकाच्या बाजूने फारसा लागत नाही, हे आपल्या ध्यानात आले असेल. मलाही प्रथम ते रुचले नाही. परंतु मोदक हे रोजचे जेवण कधीच नव्हते. तो नैवेद्याच्या पानात वरणभात, उसळ, भाज्या, कोशिंबीर यांच्या संगतीत येई, आणि दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमीची अळू, माठ, भेंडी घातलेली भाजी होई. तिबेटी मोमो एकटाच जेवण होता, कारण त्याच्या पोटात मांस होते. गाडीवर आला तेव्हा त्याची पारी मैद्याची झाली आणि सारण कोबीचे झाले. आणि आपली मुले शिकवणीच्या वाटेवर त्यालाच जेवण समजू लागली. दोष चीनचा नाही, तिबेटचा नाही, वाफेचाही नाही. नगण्य सारणाच्या पांढऱ्या पारीला जेवणाची जागा दिली, ही चूक आपली आहे.

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहू लागली. शहराने रस्ते, शाळा, रेल्वे दिली. ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण खाचरे गेली तसा घरचा भात गेला, आणि तांदूळ विकत आणावयाचा म्हटल्यावर तो पांढराच आला. शाळेत दहा वाजताच फळ्यासमोर डोळे मिटणारी मुले मी पुष्कळ पाहिली. सकाळी काय खाल्लेस, असे विचारले की बहुधा उत्तर येई, चहा आणि पाव. त्यांच्या आज्यांनी तांबडा भात सडला होता. खार जमिनीत तग धरणाऱ्या भाताचे वाण सुधारण्याचे काम पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने केले आहे. तेव्हा बी नाहीसे झालेले नाही. नाहीशी झाली आहे ती त्या रंगाविषयीची आपली आवड, आणि ती घालविण्यात माझ्या पाचवीतल्या हट्टाचाही वाटा आहे.

उपाय फार मोठे नाहीत. मोदकाच्या आणि पातोळ्यांच्या पिठीत निम्मी हातसडीच्या तांदळाची पिठी मिसळता येते. उकड थोडी अधिक मळावी लागते, एवढेच. घरी मोमो करावयाचे झाल्यास मैद्यात निम्मी कणीक घालावी, आणि सारणात पनीर, मोड आलेले मूग, अंडे किंवा मांस, ज्याला जे चालेल ते भरावे. गाडीवर खावयाचे, तर वाफवलेलेच घ्यावेत, आणि घरी येऊन नीट जेवावे.

चतुर्थीच्या दिवशी सुनेने माझ्या सांगण्यावरून निम्मी पिठी तांबड्या तांदळाची घेतली. पाने वाढली. नातवाने मोदक उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "आजोबा, हा मळका का?"

पंचावन्न वर्षांपूर्वीचा तोच शब्द होता. या वेळी मी "उद्या सांगतो" म्हटले नाही. आपणांस आत्ता जे सांगितले, ते सर्व त्याला त्याच्या भाषेत सांगितले. आजीचे वाक्य मात्र तिच्याच शब्दांत सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने मोदक फोडला, वर तूप मागून घेतले, आणि तो संपवून दुसऱ्यासाठी पान पुढे केले.